खेळून पोट भरतं का?

स्मरणिकेसाठी लेख दे, असा निरोप आला तेव्हा मी म्हटलं, शाळेच्या आठवणी सगळेच लिहिणार, मी थोडा इतिहास लिहिते. "कशाचा?" असं विचारल्यावर तोंडातून निघून गेलं, "हँडबॉलचा." पलीकडून हसल्याचा आवाज आला. चुडाव्याचा आणि हँडबॉलचा काय संबंध, हे त्या हसण्यातच होतं. माझ्या बॅचच्या मुलींना मात्र हसू येणार नाही. त्यांना १९९६ चा पावसाळा आठवेल.

त्या वर्षी आम्ही दहावीत होतो. शालेय स्पर्धांच्या यादीत हँडबॉल होता आणि या खेळात जिल्ह्यात मुलींचे संघ फार थोडे होते. खेळाच्या सरांनी हिशोब केला की कबड्डीत आपली पहिल्याच फेरीत वाट लागते, हँडबॉलमध्ये दोन सामने जिंकले तरी विभागापर्यंत जाता येईल. हिशोब बरोबर होता. अडचण एकच होती, हा खेळ आमच्यापैकी कोणी पाहिलेला नव्हता. सरांनी नियमांच्या पुस्तिकेवरून मैदान आखलं. चाळीस मीटर लांब, वीस मीटर रुंद, गोल तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच. गोलच्या खांबांना वेळू, आडव्याला सुतळी, आणि चेंडू म्हणजे व्हॉलीबॉलचा जुना झालेला. अर्धवर्तुळ फक्कीनं काढलं होतं, ते पहिल्याच पावसात धुऊन गेलं. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात धावणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. बुटाला दोन-दोन किलो चिखल लागायचा, म्हणून आम्ही अनवाणीच खेळायचो.

आमच्यात एक मुलगी होती. तिचं नाव लिहू नको, असं तिनंच बजावलं आहे, म्हणून मैत्रीण म्हणते. तिचा हात विलक्षण होता. ज्वारी हुरड्यात आली की ती माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायची आणि म्हणेल त्या टोकाला दगड टाकायची. चेंडू हातात आल्यावर तिला काही शिकवावंच लागलं नाही. हँडबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन तीन पावलंच टाकता येतात, तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ तो धरता येत नाही, आणि सहा मीटरच्या रेषेच्या आत गोलकीपरशिवाय कोणी पाय ठेवायचा नाही. पण त्या रेषेबाहेरून उडी मारून, जमिनीला पाय लागायच्या आत चेंडू फेकला तर चालतो. हा नियम सरांनी वाचून दाखवला आणि तिला तो ऐकताक्षणी कळला. मी गोलकीपर होते, कारण मला धावता यायचं नाही. तिचे फटके सरावात मीच अंगावर घेतले आहेत. पुढे जिल्ह्याच्या स्पर्धेत समोरच्या संघातली गोलकीपर तिला पाहून डोळे मिटायची, याचं मला नवल वाटलं नाही.

जिल्हा जिंकला. पॅसेंजरनं परभणीहून येताना पूर्णा सोडल्यापासून आमच्या डब्यात जो गोंधळ चालला होता, तो चुडावा स्टेशनवर उतरेपर्यंत थांबला नाही. विभागाला औरंगाबादला गेलो आणि हरलो. तिथे पहिल्यांदा खरे लोखंडी गोल आणि खरा चेंडू पाहिला. बायकांच्या सामन्यातला चेंडू ५४ ते ५६ सेंटीमीटर परिघाचा आणि ३२५ ते ३७५ ग्रॅम वजनाचा असतो, म्हणजे व्हॉलीबॉलपेक्षा बराच लहान. तो तिच्या पंज्यात नीट बसला तेव्हाचा तिचा चेहरा मला अजून दिसतो. हरलेल्या सामन्यातही तिनं एकटीनं तेरा गोल केले.

पुढचं सांगण्याआधी थोडा इतिहास, कारण तेच लिहायचं कबूल केलं आहे.

हँडबॉल हा शाळामास्तरांचा खेळ आहे. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळच्या ओर्ड्रुप गावच्या शाळेत होल्गर निल्सन नावाच्या शिक्षकानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो मुलांना शिकवायला सुरुवात केली आणि १९०६ मध्ये त्याचे नियम छापले. याच खेळाची दुसरी शाखा जर्मनीत निघाली, आणि ती आपल्या विषयाच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाची. १९१७ साली, म्हणजे पहिलं महायुद्ध चालू असताना, बर्लिनमध्ये माक्स हायझर यांनी हाताने खेळायच्या एका चेंडूच्या खेळाचे नियम ठरवून त्याला 'हँडबॉल' हे नाव दिलं. तो खेळ त्यांनी मुद्दाम बायकांसाठी बेतला होता. फुटबॉल पुरुषांचा, हा बायकांचा, म्हणून यात धक्काबुक्की नको. दोन वर्षांनी कार्ल शेलेंत्स यांनी त्याच खेळात अंगलटीला मुभा दिली, नियम कडक केले आणि तो पुरुषांसाठी खुला केला.

मग काय झालं ते पाहा. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये मैदानी हँडबॉल आला, फक्त पुरुषांचा. १९७२ ला म्युनिकमध्ये सात-सात खेळाडूंचा बंदिस्त हँडबॉल आला, तोही पुरुषांचाच. बायकांना ऑलिंपिकमध्ये हँडबॉल खेळायला मिळाला तो १९७६ साली, माँट्रिऑलला. बायकांसाठी बेतलेल्या खेळात बायका पुरुषांच्या चाळीस वर्षं मागून आल्या. आमच्या क्षेत्रातही हे घडलेलं आहे. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणं हे सुरुवातीला बायकांचं काम मानलं जायचं. त्यात पैसा आणि मान आहे हे कळल्यावर चित्र पालटलं. असो, तो वेगळा लेख होईल.

आम्ही चुडाव्याच्या मैदानावर वेळू रोवत होतो, त्याच सुमारास, ऑगस्ट १९९६ मध्ये, अटलांटा ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कच्या महिलांनी दक्षिण कोरियाला हरवून हँडबॉलचं सुवर्णपदक जिंकलं. आम्हाला याचा पत्ताही नव्हता. त्या वर्षीच्या अटलांटातलं आपल्याला आठवतं ते लिअँडर पेसचं कांस्यपदक. त्या डॅनिश संघात आन्या आनेर्सन नावाची खेळाडू होती. १९६९ चा जन्म, स्वभावानं तापट, खेळ पाहणाऱ्याला खिळवून ठेवणारा. पुढच्याच वर्षी ती जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरली. १९९९ मध्ये हृदयाच्या त्रासामुळे तिला खेळ सोडावा लागला. तिशीत कारकीर्द संपली, असं आपण म्हटलं असतं. ती प्रशिक्षक झाली आणि स्लागेल्स या छोट्या गावाच्या महिला संघाला तिनं २००४, २००५ आणि २००७ अशी तीनदा युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकून दिली. खेळाडू म्हणून पगार आणि खेळ सुटल्यावर त्याच खेळात दुसरी कारकीर्द, याला मी व्यावसायिक खेळाडू म्हणते.

मला हे कसं माहीत? कामानिमित्त काही महिने मी डेन्मार्कमध्ये होते. ऑफिसमधला एक सहकारी मंगळवारी आणि गुरुवारी साडेचारलाच उठून जायचा. मुलीच्या हँडबॉल संघाला तो शिकवायचा, बिनपगारी. एकदा मी त्याच्याबरोबर गेले. गावाच्या मालकीचं बंदिस्त क्रीडागृह, आठ-नऊ वर्षांच्या पंचवीसेक मुली, कडेला थर्मासमधून कॉफी ओतणाऱ्या आया. मी बराच वेळ गोलच्या जाळीकडे पाहत उभी होते. आमच्या वेळूंना जाळीच नव्हती, त्यामुळे गोल झाला की चेंडू आणायला मलाच बाभळीपर्यंत पळावं लागायचं.

पण पैसेवाल्या देशांत सगळं आलबेल आहे, असंही नाही. दक्षिण कोरियाच्या महिलांनी १९८८ आणि १९९२ अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली. तरीही तिथे हा खेळ लोकांच्या फारसा खिजगणतीत नसतो. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात त्या दोनदा जादा वेळ खेळून ३४-३४ बरोबरीत राहिल्या आणि शेवटी पेनल्टीवर डेन्मार्ककडून हरल्या. यावर तिथे २००८ मध्ये एक चित्रपट आला, दिग्दर्शिका यिम सून-रे. लेकरं सांभाळून, कर्ज डोक्यावर घेऊन खेळणाऱ्या बायका त्यात आहेत. तो मी दोनदा पाहिला आहे.

आता आपल्या देशाकडे येते. भारतीय हँडबॉल महासंघ १९७२ चा. खेळाचा जोर उत्तरेकडे, हरियाणा, पंजाब, हिमाचलात. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यात मोरसिंघी नावाचं खेडं आहे. तिथे भारताकडून खेळलेल्या स्नेहलता यांनी मुलींसाठी हँडबॉलची नर्सरी चालवली आणि त्या एका गावातून भारतीय संघात मुली जात राहिल्या. शहर नाही, कारखाना नाही, डोंगरातलं खेडं. हे वाचलं तेव्हा आनंदापेक्षा हेवा जास्त वाटला, हे कबूल करते.

मोरसिंघीतून निघालेली मुलगी पुढे जाते कुठे? बहुतेक वेळा नोकरीकडे. आपल्याकडे सांघिक खेळातल्या बाईची 'व्यावसायिक कारकीर्द' म्हणजे खेळाडूंच्या कोट्यातून मिळालेली रेल्वेतली, पोलिसातली किंवा एखाद्या सरकारी खात्यातली नोकरी. पगार खात्याचा, खेळ खात्यासाठी. महाराष्ट्रात २००५ च्या शासन निर्णयानं सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आलं. आमच्या दहावीनंतर नऊ वर्षांनी.

मराठवाड्यातली मोठी हँडबॉलपटू मला शोधूनही सापडली नाही. सापडली ती खो-खोपटू, आणि तिची गोष्ट या लेखासाठी जास्त जवळची आहे. सारिका काळे, जिल्हा उस्मानाबाद, आताचा धाराशिव. वडिलांना शारीरिक मर्यादांमुळे फारसं कमावता येत नव्हतं, आई शिवणकाम करायची, घर आजीआजोबांच्या कमाईवर चालायचं. तेराव्या वर्षी मामा तिला मैदानावर घेऊन गेले. 'अर्जुन' जाहीर झाल्यावर तिनं मुलाखतीत सांगितलं होतं की जवळजवळ दहा वर्षं आपण दिवसातून एकदाच जेवत होतो, आणि चांगलं खायला मिळायचं ते शिबिराला गेल्यावर.

हे वाचून मी थांबले. आपल्याकडे मुलीनं मैदानावर जायचं म्हटलं की एकच प्रश्न ठरलेला, खेळून पोट भरतं का? सारिकाच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर अक्षरशः 'हो' असं आहे. आधी शिबिरातल्या ताटापुरतं, मग पगारापुरतं.

मधला रस्ता सरळ नव्हता. २०१६ च्या सुमाराला पैशांच्या ओढाताणीला कंटाळून तिनं खेळ सोडायचं ठरवलं होतं, खोलीचं दार लावून घेतलं होतं. प्रशिक्षक चंद्रजीत जाधव यांनी समजूत घातली आणि ती परत मैदानावर आली. त्याच वर्षी फेब्रुवारीत गुवाहाटी आणि शिलाँगला दक्षिण आशियाई स्पर्धा झाल्या. त्यात खो-खो पहिल्यांदाच होता, आणि सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार होती सारिका काळे. त्याच स्पर्धेत भारताच्या हँडबॉलच्या मुलींनीही सुवर्ण जिंकलं. ही दुसरी बातमी तुमच्यापैकी किती जणांनी वाचली होती? मी वाचली नव्हती, इतक्या वर्षांनी हा लेख लिहायला बसले तेव्हा वाचली.

पुढे सारिका तुळजापूरला क्रीडा अधिकारी झाली, आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा मान बावीस वर्षांनी मिळत होता. त्या वर्षी करोनामुळे २९ ऑगस्टचा समारंभ ऑनलाइन झाला. राष्ट्रपती भवनाच्या दरबारात चालत जाऊन पुरस्कार घ्यायचा योग तिच्या वाट्याला तेव्हा आला नाही. मला याची चुटपुट लागते, तिला लागते की नाही, कोण जाणे.

आपल्या परभणीचंही एक नाव घेते, नाहीतर जिल्ह्यातले लोक रागावतील. ज्योती गवते. २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. त्यानंतरच्या तीन वर्षी दुसरी, तिन्ही वेळा सुधा सिंगच्या मागे. धावणाऱ्या माणसाला निदान संघ लागत नाही. बेचाळीस किलोमीटरचा रस्ता लागतो, आणि रस्ते, कसे का असेनात, आपल्याकडे आहेत. हँडबॉलला सात जणी लागतात, समोर आणखी सात लागतात, आणि सरावाला रोज संध्याकाळी यायची परवानगी असलेली चौदा घरं लागतात. मराठवाड्यातून धावपटू निघते आणि हँडबॉलपटू निघत नाही, याचं माझ्या मते हेच कारण.

लीग आल्या, आता सगळं बदललं, असं कोणी म्हणालं तर त्यांनी तपशील पाहावा. प्रो कबड्डी २०१४ ला सुरू झाली, पुरुषांची. २०१६ मध्ये तिच्या जोडीला महिलांची तीन संघांची स्पर्धा झाली. मुंबईची अभिलाषा म्हात्रे त्यातल्या एका संघाची कर्णधार होती. ती एकाच मोसमानंतर थांबली. अल्टिमेट खो-खो २०२२ ला पुण्यात सुरू झाली, पुरुषांची. प्रीमियर हँडबॉल लीग जून २०२३ मध्ये जयपूरला झाली, तीही पुरुषांची, आणि ती जिंकली महाराष्ट्र आयर्नमेन या संघानं. म्हणजे हँडबॉलमध्ये महाराष्ट्राच्या नावाचा व्यावसायिक संघ देशात पहिला आला आणि तरी आपल्या मुलींसाठी त्यात काही नव्हतं. क्रिकेटच्या मुलींना मात्र त्याच वर्षी त्यांची प्रीमियर लीग मिळाली, तिथे पैसा होता.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे, मूळची बीड जिल्ह्यातली. तो सामना मी मोबाइलवर पाहिला आणि पाहता पाहता त्या मैत्रिणीला फोन लावला.

आता ती उरलेली गोष्ट. औरंगाबादला हरल्यावर महिनाभरानं शाळेत पत्र आलं. राज्य स्पर्धेसाठी विभागाचा संघ निवडायचा होता, त्याचं आठ दिवसांचं शिबिर औरंगाबादला होतं. आमच्या संघातून दोघींना बोलावलं होतं. ती, आणि राखीव गोलकीपर म्हणून मी. सर स्वतः तिच्या घरी गेले. तिची आई, आमच्या काकू, ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. खेळून पोट भरतं का, हे त्यांनी विचारलंच. पण पुढे त्या म्हणाल्या, "दोघी असल्या तर धाडते. एकली नाही."

मी गेले नाही. दहावीचं वर्ष होतं, गणिताच्या शिकवणीत त्याच आठवड्यात भूमितीचे प्रश्न घेणार होते, आणि राखीव गोलकीपरला कोण खेळवणार होतं? माझ्या घरून कोणी अडवलं नाही. मीच सरांना सांगितलं की मला जमणार नाही. त्यामुळे तिचंही जाणं राहिलं. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. मी नांदेडला अकरावीला गेले, मग इंजिनिअरिंग, मग पुणे. त्या आठ दिवसांत निघालेली भूमिती मला बोर्डाच्या परीक्षेत किती मार्कांची आली, हे मी नंतर कधी मोजलं नाही.

ती शिबिराला गेली असती तर आन्या आनेर्सन झाली नसती, हे मला कळतं. तिच्यापुढे लीग नव्हती, २००५ चा निर्णय नव्हता, कदाचित राज्य स्पर्धेत दोन सामने खेळून परत आली असती. पण राज्याचं प्रमाणपत्र असलेल्या मुलींना तेव्हाही पोलिसात, रेल्वेत विचारत होते. आपल्या गावावरून रोज किती गाड्या जातात! त्यातल्या एखाद्या गाडीच्या खात्यात तिचं नाव असतं का, हा विचार मला पूर्णा स्टेशनवर गाडी बदलताना दर वेळी येतो.

विश्वचषकाच्या रात्री फोनवर मी तिला हे पहिल्यांदा बोलून दाखवलं. मी शिबिराला नाही म्हटलं होतं, हे तिला माहीतच नव्हतं. सरांनी तिला फक्त इतकं सांगितलं होतं की शिबिर रद्द झालं. सर आता नाहीत, त्यांनी माझं नाव का झाकलं हे विचारायला कोणी उरलं नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, एवढ्या साली काय घेऊन बसायलीस. सामना बघ, तिकडं गडी बाद व्हायलेत." आणि आम्ही दोघी आपापल्या घरी बसून, फोन चालू ठेवून तो सामना शेवटपर्यंत पाहिला. नेपाळच्या एका मुलीची पळती पाहून ती म्हणाली, "हिचा पाय चांगला हाय, पर वळताना नजर खाली जातीय." मी पाहिलं, खरंच जात होती.

हा लेख तिला आधी वाचून दाखवला. नाव नको, ही अट तेव्हाचीच. गोफणीचं लिहिलं आहेस ते राहू दे, म्हणाली. एक दुरुस्ती मात्र तिनं करायला लावली. औरंगाबादच्या सामन्यात तिचे अकरा गोल झाले, असं मी आधी लिहिलं होतं. "अकरा कुठले? तेरा. शेवटचे दोन तू पाहिलेच न्हाईस, खाली मान घालून रडायलीस तू गोलात बसून." म्हणून वर तेरा केले आहेत.